स्पर्शाची विद्या आणि पसंतीक्रमाचा फॉर्म

गेल्या जुलैमध्ये रत्नागिरी तालुक्यातील एका बौद्धवाडीच्या विहारात गुणवंत विद्यार्थ्यांचा गुणगौरव समारंभ होता. गाव शाखा आणि मुंबई शाखा, दोन्हींचे पदाधिकारी हजर होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पत्र्यावर त्याचा असा आवाज येत होता की वक्त्यांना ओरडूनच बोलावे लागत होते. दहावी-बारावीच्या मुलांना वह्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा वाटून झाल्या. प्रमुख पाहुणे म्हणून आम्हीही शिक्षणाच्या महतीवर नेहमीसारखे वीस मिनिटे बोललो. आभारप्रदर्शन सुरू होणार इतक्यात मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. फिजिओथेरपीची पदवी, म्हणजे बी.पी.टीएच., आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप तिने नुकतीच पूर्ण केली होती. माइक हातात घेऊन ती म्हणाली, "सर, एम.पी.टीएच.ची सीईटी दिली आहे. आता पसंतीक्रम भरायचा आहे. पहिलं कॉलेज कुठलं टाकू?"

व्यासपीठावर आम्ही नऊ जण बसलो होतो. नऊही जण गप्प. एकाने वेळ मारून नेली, "मुंबईचं टाक बाय, तिथे आपली माणसं आहेत." दुसऱ्याने शेजाऱ्याला हळूच विचारले, "हे मालिशचं काय असतं तेच ना?" माइक चालू होता. सभागृह हसले. ती मुलगी हसली नाही. आम्ही "माहिती घेऊन सांगतो" असे म्हणून सुटका करून घेतली. ती माहिती घेता घेता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण हा प्रश्न त्या एकाच मुलीचा नाही.

प्रथम त्या हसण्याविषयी. फिजिओथेरपिस्ट रुग्णाचे अंग हातात घेतो. अर्धांगवायूने लुळा पडलेला हात, पाय मोडून प्लास्टर काढल्यावर आखडलेला गुडघा, छातीत कफ दाटलेले मूल, या साऱ्याला तो हात लावतो आणि हालवतो. औषधाची चिठ्ठी लांबून देता येते, ही विद्या लांबून देता येत नाही. स्पर्श हेच तिचे हत्यार आहे. आणि स्पर्श या शब्दाचा अर्थ या देशात आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणात साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे की, पैसे देण्याची ऐपत असूनही न्हावी त्यांच्या केसांना हात लावीत नसे आणि थोरली बहीण घरीच केस कापून देत असे. त्याच टिपणात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. ती १९२९ साली छापून आली होती. बाळंतीण बायको तापाने फणफणली असताना गावच्या डॉक्टरने तिला हात लावायचे नाकारले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याच्या हातात आणि नवऱ्याने बायकोच्या. परत येतानाही तो याच वाटेने आला. ती बाई वाचली नाही. ज्यांच्या आजीला डॉक्टरने बोट लावले नाही, त्यांची नात आज सर्व जातींच्या रुग्णांचे हातपाय धरून त्यांना उभे करते आहे. याला मालिश म्हणून हसणाऱ्यांमध्ये आपलीच माणसे होती, याचे आम्हाला वाईट वाटले.

या धंद्याला हिणवणे नवे नाही. १८९४ साली लंडनमध्ये काही परिचारिकांनी या कामाची पहिली संघटना बांधली ती याच कारणासाठी, मसाजच्या नावाखाली झालेल्या बदनामीपासून आपली विद्या वाचवावी म्हणून. आपल्याकडे पोलिओने ही विद्या आणली. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि या बाईंनी १९४७ साली पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाचे काम उभे केले. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. भारत पोलिओमुक्त झाल्याचे २०१४ साली जाहीर झाले, पण फिजिओथेरपिस्टचे काम संपले नाही, उलट वाढले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले की फिजिओथेरपिस्टने नावापुढे 'डॉ.' लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घ्यावे लागले. ती दोन अक्षरे लावावीत की नाही यावर आम्ही तज्ज्ञांच्या वादात पडत नाही. पण पांढऱ्या कोटाच्या आतसुद्धा वरचा-खालचा लावण्याची हौस पाहिली की बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता कशाला म्हटले होते ते आठवते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. महाराष्ट्रात एम.पी.टीएच. हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतात. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. इथेच आपली मुले पहिली चूक करतात. "मला तिथे मिळणार नाही" असे समजून हवे असलेले महाविद्यालय ती खाली टाकतात आणि मिळेलसे वाटणारे वर. जागा गुणानुक्रमाने मिळते. वर टाकलेले महाविद्यालय मिळाले नाही म्हणून खालच्या महाविद्यालयावरचा हक्क कमी होत नाही. म्हणून जे खरोखर पहिले हवे तेच पहिले टाकावे. ही साधी गोष्ट शहरातल्या सुखवस्तू घरांत चहाच्या टेबलावर मुलांना कळते. आपल्या वाडीत ती कळायला गुणगौरव समारंभ आणि त्यानंतरचे दोन आठवडे लागले.

दुसरी चूक पैशाची, आणि ती घर बुडवणारी आहे. समारंभानंतर आम्ही तिच्या घरी गेलो. वडील मुंबईतून निवृत्त होऊन गावी आलेले चाकरमानी. फंडाची रक्कम बँकेत ठेवलेली. एका एजंटाचे फोन सुरू झाले होते. सीईटीचे गुण कसेही असोत, व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळवून देतो, "फी नंतर शिष्यवृत्तीतून परत मिळेल" असे त्याचे म्हणणे. हे साफ खोटे आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, निर्वाह भत्ता मात्र मिळत नाही. पण या दोन्हींसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की दोन्ही दारे बंद. अभिमत विद्यापीठाचे पत्रक हातात पडले तर पैसे भरण्यापूर्वी कुवारबावच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी विचारावे, की या महाविद्यालयाला, या अभ्यासक्रमाला, या वर्षी योजना लागू आहे काय. तोंडी उत्तर घेऊन येऊ नये. तोंडी उत्तराच्या भरवशावर बसून दुसऱ्या वर्षी फीसाठी घरी परतलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

जातवैधता प्रमाणपत्राचेही तसेच. राखीव जागेवर पदवी केलेल्यांकडे ते असते आणि एकदा मिळाले की जन्मभर चालते. पण पदवीला खुल्या जागेवर गेलेली आपली बरीच मुले "आपण मेरिटमध्ये आलो, दाखल्याची काय गरज" अशा तोऱ्यात राहतात आणि पदव्युत्तरच्या वेळी समितीच्या दारात धावाधाव करतात. केंद्राच्या योजनेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, हेही बहुतेकांना शेवटच्या आठवड्यात कळते. १९९० साली बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, त्यासाठी किती मोर्चे निघाले, किती जण तुरुंगात गेले! त्या लढ्याचे फळ चुकीच्या नमुन्यातल्या एका कागदामुळे हातचे जावे, हे आमच्या मनाला पटत नाही.

मग महाविद्यालय निवडायचे कशावरून? एजंटाने तिला संगणकावर चित्रे दाखवली होती. चकाचक यंत्रे, वातानुकूलित व्यायामशाळा, क्रिकेट संघाबरोबर उभा असलेला फिजिओ. आम्ही या क्षेत्रातल्या जाणत्यांना विचारले तेव्हा एकाने उलट प्रश्न केला, "तिथे रोज रुग्ण किती येतात आणि कसले येतात?" सारे इथेच येऊन थांबते. फिजिओथेरपी पुस्तकातून येत नाही. शंभर अर्धांगवायूचे रुग्ण हाताखालून गेले की शंभर-एकावा कळतो. म्हणून मुंबईची के.ई.एम., नायर, सायन ही महापालिकेची रुग्णालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना आजही तोड नाही. इमारती जुन्या, पंखे कुरकुरणारे, पण बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग रस्त्यापर्यंत. शुल्क खासगीच्या मानाने कमी. जागा थोड्या, म्हणूनच त्या यादीत वर टाकायच्या. खासगीत जायचेच असेल तर त्या महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय खरोखर चालते काय, ते एखाद्या सोमवारी सकाळी स्वतः जाऊन पाहावे. खाटा रिकाम्या आणि स्वागतकक्षात संगमरवर असेल तर परतीची एस.टी. धरावी.

महाराष्ट्राबाहेरचाही एक रस्ता आहे, तो आपल्याकडे कुणालाच ठाऊक नसतो. ओडिशात कटकजवळ ओलाटपूर येथे आणि कोलकात्यात केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्था आहेत. तिथे एम.पी.टी. होते, स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि केंद्राचे पंधरा टक्के आरक्षण लागू होते. कृत्रिम अवयव, व्हीलचेअर, पुनर्वसन या साऱ्याचे काम तिथे एकाच आवारात पाहायला मिळते. "ओडिशा लांब पडतं," असे तिच्या आईने म्हटले. लांब आहेच. पण १९१३ साली वडील वारल्यावर काही महिन्यांतच न्यूयॉर्कला निघालेल्या तरुणाचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आणि रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्या माऊलीला समुद्रापलीकडचे अंतर कुणी नकाशावर दाखवले होते काय?

बाबासाहेबांचे उदाहरण द्यायचेच तर पुरते द्यावे. कोलंबियात त्यांनी इमारत पाहिली नाही, गुरू पाहिले. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारख्यांच्या वर्गांत ते बसले. पदव्युत्तर शिक्षणात मार्गदर्शक हा निम्मा अभ्यासक्रम असतो. एम.पी.टीएच.ला प्रबंध लिहावा लागतो, आणि मार्गदर्शक कोण, त्यांनी याआधी कशावर काम करून घेतले, विद्यार्थ्याला ते वेळ देतात की नुसती सही करतात, हे आधीच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. महाविद्यालयाचे पत्रक हे सांगणार नाही.

आधीच्या तुकडीला आणखी एक गोष्ट विचारायची असते, आणि आपल्या मुलामुलींनी ती सर्वांआधी विचारावी. वसतिगृहात कसे वागवतात? २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी यांनी मुंबईत वसतिगृहाच्या खोलीत जीवन संपवले. त्या स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या आणि तडवी भिल्ल समाजातून इथवर पोहोचल्या होत्या. तीन वरिष्ठ डॉक्टरांविरुद्ध छळाच्या आरोपाखाली आरोपपत्र दाखल झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. वर ज्या नायरचे नाव आम्ही पहिल्या पसंतीसाठी घेतले, तेच हे रुग्णालय. हे लपवून सल्ला देणे आम्हाला जमणार नाही. तिथे जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही, उलट आपली अधिक मुले गेली पाहिजेत. पण जाताना आपल्या समाजातल्या तिथल्या दोन वरिष्ठांचे दूरध्वनी क्रमांक खिशात असावेत, अनुसूचित जाती-जमाती कक्ष कागदावर आहे की खोलीत, ते पहिल्या आठवड्यात बघून घ्यावे आणि घरच्यांनी आठवड्यातून एकदा तरी "अभ्यास कसा चाललाय" या प्रश्नाऐवजी "जेवायला कुणाबरोबर बसतेस" असे विचारावे. मुंबई शाखेच्या पदाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की, वसतिगृहात एकट्या राहणाऱ्या गावच्या मुलीला महिन्यातून एका रविवारी घरी जेवायला बोलवा. तुमच्या वर्गणीच्या पावतीपेक्षा तिला त्याची गरज जास्त आहे.

परदेशाविषयी थोडक्यात, कारण त्याचेही फोन तिला येऊन गेले. अमेरिकेत फिजिओथेरपीचे मूळ शिक्षणच आता तीन वर्षांची डॉक्टरेट झाले आहे. इथली पदवी तिथे तपासून घ्यावी लागते आणि मग परवान्याची परीक्षा. इंग्लंडमध्ये दोन प्रकारचे एम.एससी. आहेत. एक या विषयाची पदवी नसलेल्यांसाठी, नोंदणीकडे नेणारे. दुसरे आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठी, साधारण वर्षभराचे, आणि ते केले म्हणजे तिथे काम करण्याची नोंदणी आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. एजंट हे दुसरे विकतो आणि पहिल्याची स्वप्ने दाखवतो. जायचे तर कर्ज काढून नव्हे. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि राज्याची २००३ पासूनची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते आणि ती बदलत राहते, म्हणून त्या वर्षाची जाहिरात हातात घेऊनच विद्यापीठ निवडावे. आधी प्रवेश आणि मग जाहिरात असे केले की पंचाईत होते.

आता रत्नागिरीचे. चिऱ्याच्या खाणीत जांभा तोडून पस्तिशीत कंबर गेलेले पुरुष, आंब्याच्या हंगामात झाडावरून पडून अंथरुणाला खिळलेले गडी, मासळीच्या पाट्या वाहून मान आखडलेल्या कोळणी, चिखलात वाकून लावणी करणाऱ्या आपल्या आया-बहिणींचे गुडघे, आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात. यातले किती जण फिजिओथेरपिस्टपर्यंत पोहोचतात? रत्नागिरीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. पण मंडणगडच्या किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतून रोज रिक्षा करून व्यायामाला येणे कुणाला परवडते? बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. त्याखालच्या जिल्हा केंद्रात फिजिओथेरपिस्टची जागा असते, पण ती कंत्राटी. कायम पदे भरली जात नाहीत आणि कंत्राटात आरक्षण कितपत पाळले जाते, हे संघटनांनी माहिती अधिकारात विचारण्यासारखे आहे. मोर्चाची वाट पाहायची गरज नाही, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.

त्या मुलीला आधी खेळांचा फिजिओ व्हायचे होते, त्या चित्रातल्यासारखे. तिची आवड, त्यात गैर काही नाही, आणि समाजासाठी अमुकच शीक असे मुलीच्या डोक्यावर ओझे टाकण्याची आपल्या लोकांना जी खोड आहे ती आम्हाला पसंत नाही. मुलगा इंजिनियर होऊन पुण्यात फ्लॅट घेतो तेव्हा त्याला कुणी समाजाचे ऋण विचारीत नाही. आम्ही तिला एवढेच विचारले की पदवीच्या चार वर्षांत कोणत्या रुग्णाकडे जायला तुझे पाय आपोआप वळायचे? थोडा विचार करून ती म्हणाली, "लकवा झालेल्यांकडे. बोट हललं की ते रडतात, सर." मग यादीत मज्जासंस्थेची शाखा वर गेली. एजंटाला वडिलांनी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितले. फंड जागेवर राहिला. फॉर्म रात्री अकरा वाजता भरला, कारण वाडीत दिवसा रेंज नव्हती आणि वीजही चार वेळा गेली होती. मुंबईची तीन, मग नागपूर, मग ज्यांची रुग्णालये आम्ही चौकशी करून पाहिली ती खासगी दोन. व्यवस्थापन कोट्याचे एकही नाही.

जागा मिळाली, पहिल्या पसंतीची नव्हे, पण यादीतलीच. निघण्यापूर्वी ती आमच्याकडे येऊन गेली. वाडीत तिचे एक चुलत आजोबा अर्धांगवायूने पडलेले आहेत, सबंध पावसाळा ती त्यांच्याकडून रोज सकाळी व्यायाम करून घेत होती. आता ते खाटेवर स्वतः उठून बसू लागले आहेत. जाण्याआधी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तिने बारा चित्रे काढली, कुठला हात कसा धरायचा, किती वेळा, आणि कुठे थांबायचे. ते कॅलेंडर आजोबांच्या खाटेसमोर भिंतीला टांगले आहे. सून लिहिता-वाचता येणारी नाही, पण चित्रे तिला कळतात. आठव्या चित्रातले तिला नीट जमत नाही, एवढाच तिचा निरोप आम्ही परवा मुंबईला पोचवला.